गळती

ज्याने कधी मेमरी लीक शोधलाय त्याला माहीत असेल, किती वैतागवाणं काम असतं ते. सर्व्हर दोन दिवस नीट चालतो, तिसऱ्या दिवशी रेंगाळायला लागतो आणि चौथ्या दिवशी मान टाकतो. मग आपण बसायचं कोडमध्ये भोक शोधत. पण इतक्या वर्षांत एकाही मीटिंगमध्ये मी असं ऐकलेलं नाही, की "ही मेमरीच आळशी, तिला टिकायचंच नव्हतं." गळती झाली म्हणजे दोष आपल्या प्रोग्रॅमचा, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं.

शिक्षणखात्याच्या भाषेतही 'गळती' हा शब्द आहे. पहिलीत नाव घातलेली मुलं मधल्या मधे शाळेतून नाहीशी होतात, ती गळती. शब्द तोच, पण इथे आपण बेधडक गळणाऱ्यालाच दोष देतो.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात. समोर समुद्र, मागे डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी कातकरी वाडी. चौथीत माझ्या बाकावर वाडीवरचा एक मुलगा बसायचा. तोंडी हिशेबात तो आम्हा सगळ्यांच्या पुढे. दिवाळीची सुट्टी संपली की मात्र हजेरीत त्याच्या नावापुढे 'गैरहजर' सुरू व्हायचं ते थेट पावसाच्या तोंडापर्यंत. पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा घरच्यांनी वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असायची. ती फेडायला दिवाळीनंतर सगळं कुटुंब भट्टीवर. मागे पोराला सांभाळणार कोण? आमच्या वर्गात या सगळ्याचा सारांश एका वाक्यात व्हायचा, "यांना शिकायचंच नसतं." पाचवीत तो आलाच नाही.

अनुताई वाघांबद्दल मी वाचलं ते फार पुढे, नोकरी लागल्यावर. तोवर ते नाव म्हणजे सामान्यज्ञानाच्या परीक्षेतला एका मार्काचा प्रश्न होता. कोसबाड कोणाशी संबंधित? अनुताई वाघ. संपलं.

अनुताईंचा जन्म 1910 चा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळात इथेच गोष्ट संपायची. पण त्या शिकल्या, ट्रेनिंग घेऊन शिक्षिका झाल्या, आधी नाशिक जिल्ह्यात आणि मग पुण्यात हुजूरपागेत शिकवायला लागल्या. म्हणजे आपल्या भाषेत, पर्मनंट जॉब, चांगली कंपनी, चांगलं शहर! 1945 मध्ये त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली आणि त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला गेल्या. बोर्डी म्हणजे डहाणूजवळचं समुद्रकाठचं गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यात, 2014 पासून पालघरमध्ये.

ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलेलं, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढलेला, 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलेलं. पद्धत माँटेसोरीची. पण तिची साधनं महाग, खेड्याला परवडणारी नाहीत. मग बोर्डीत शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती हीच साधनं झाली. मोजायला शिंपले आणि रंग ओळखायला पानंफुलं. शिवाय ती फुकट!

बालवाडी निघाली, तरी दलित वस्तीतली मुलं तिथपर्यंत येईनात. आता 'यांना शिकायचंच नसतं' असं म्हणून गप्प बसता आलं असतं. या दोघींनी काय केलं? मुलं येत नाहीत ना, मग बालवाडीच उचलून त्यांच्या वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात, झाडाखाली. मुलांना गोळा करायचं, आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच अंगणवाडी. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. आज गावोगावी अंगणवाडीच्या पाट्या दिसतात, त्यामागे एक साधी दुरुस्ती आहे. मूल येत नाही, तर आपण जायचं.

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं, वारली पाड्यांमध्ये. तिथे नवीन अडचणी. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंडं. मग शाळेला पाळणाघर जोडलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, तिचं नाव विकासवाडी. पोरगा येत नाही, कारण तो गुरं राखतो. मग शिक्षक कुरणात गेले. गुरं चरतायत आणि शेजारी वर्ग चाललाय, ती कुरणशाळा. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की प्रत्येक वेळी 'मूल का येत नाही' याचं खरं कारण आधी शोधलंय आणि मग नेमकी तीच गोष्ट बदललीय. यालाच आपण रूट कॉज ॲनालिसिस म्हणतो आणि त्याच्या स्लाइड्स करतो.

हे सगळं करता करता 1961 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, अनुताई स्वतः बी.ए. झाल्या. 1973 मध्ये ताराबाई गेल्या, तरी त्या टेकडीवरून हलल्या नाहीत. 1982 मध्ये रमेश पानसे यांच्यासोबत ग्राममंगल ही संस्था उभी केली. 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. 1992 मध्ये त्या गेल्या. सत्तेचाळीस वर्षं एकाच कामाला दिली. आम्ही दोन वर्षांत कंपनी बदलली नाही तर लोक विचारतात, "सगळं ठीक आहे ना?"

भट्टीवरच्या मुलांसाठीही हा मार्ग कोणी तरी धरला. 1990 च्या दशकात वसईजवळच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच शाळा भरवल्या. भट्टीवरची कुटुंबं ज्या झोपडीत राहतात तिला भोंगा म्हणतात, म्हणून ही भोंगाशाळा. माझ्या बाकावरच्या मुलाच्या भट्टीवर अशी शाळा होती की नाही, मला माहीत नाही. असती तर हिशेबात तो मला आजही मागे टाकत असता, एवढं नक्की.

असो. हे आज लिहायला बसलो, कारण ताईचा मुलगा. तिसरीत आहे. एकदा गोष्ट ऐकली की शब्दन् शब्द परत सांगतो. पण वाचायला बसला की 'भ'चा 'म' होतो, 'घ'चा 'ध' होतो आणि ओळच्या ओळ सुटते. तपासणीत निघालं, अध्ययन अक्षमता. शाळेने गेल्या महिन्यात ताईला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "याला दुसरीकडे घातलंत तर त्याच्याच भल्याचं होईल." म्हणजे हीही गळतीच, फक्त एसी केबिनमधली. ताई फोनवर म्हणाली, "अरे, त्याने कसं बदलायचं हे सगळे सांगतात. शाळा काय बदलणार, हे कुणी बोलतच नाही."

तेव्हापासून मी कायदा वाचतोय. 1995 च्या अपंगत्वाच्या कायद्यात सातच प्रकार होते, अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि ती आहे. त्याचं सोळावं कलम सरकारी मान्यता असलेल्या शाळांबद्दल आहे. भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्याची पद्धत त्याप्रमाणे ठरवणं, हे सगळं त्यात लिहिलंय. सोप्या मराठीत, मूल तेच राहणार, शाळेने हलायचं. बोर्डीत हे दोन बायकांनी कायद्याशिवाय केलं होतं.

उद्या रविवार. मी आणि ताई शाळेला पत्र लिहिणार आहोत. मागण्या तीनच. पेपरला जास्त वेळ, प्रश्न कोणी तरी वाचून दाखवायचे आणि जिथे जमेल तिथे तोंडी परीक्षा. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. पत्रात 'कृपया' एकदाच घालायचं ठरलंय.

काय होतं ते कळवतोच.