जीपवाल्यांचा संघ

कांदिवलीत अकुर्ली रोडवर महिंद्राचा कारखाना अजून आहे, ट्रॅक्टरही बनतात. या कंपनीचा फुटबॉल संघ मात्र उरला नाही. 1962 साली उभा राहिला, 2000 साली ‘महिंद्रा युनायटेड’ झाला, 2010 साली बंद केला. लोक त्यांना ‘जीपमेन’ म्हणत.

2005-06 चा हंगाम विसरला जाऊ नये. प्रशिक्षक डेरिक परेरा, आघाडीला स्ट्रायकर बरेटो. त्या हंगामात फेडरेशन कप आणि नॅशनल फुटबॉल लीग, दोन्ही महिंद्राकडे. ती लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग, दोन्ही धरून मुंबईचा हा एकच संघ विजेता. हे आज किती मुंबईकरांना माहीत आहे?

रोव्हर्स कपही गेला. 1891 साली सुरू झालेली स्पर्धा, मैदान कूपरेजचं. हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 1954 सलग पाच वर्षं जिंकली होती. नव्या शतकाच्या सुरुवातीला ती थांबली.

मफतलाल. ऑर्के मिल्स. गिरण्यांचे संघ गिरण्यांबरोबर गेले. फगवाड्याची जेसीटी, पहिल्या नॅशनल लीगची विजेती, 2011 साली बंद झाली.

आणि खेळाडूची नोकरीही गेली. हजेरीपटावर नाव, महिन्याचा पगार, संध्याकाळी सराव, गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची शाबूत. गरीब घरातला मुलगा या भरवशावर फुटबॉल खेळायचा, आई-वडीलही खेळू द्यायचे. माझ्या मते सगळ्यांत मोठं नुकसान हेच. आताचा करार ठरावीक मुदतीपुरता असतो. नोकरी घर चालवायची.

नोंदीही गेल्या. अमेरिकेत रट्गर्स आणि प्रिन्स्टन ही विद्यापीठं 6 नोव्हेंबर 1869 ला सामना खेळली. तिथे अमेरिकन फुटबॉलचा इतिहास त्या दिवसापासून मोजतात, आणि विद्यापीठं आपापल्या संघांची वर्षावर्षाची नोंद जपतात. आपल्याकडे संघ कारखान्यांनी पोसले. संघ मोडला की त्याची नोंद ठेवणारं कोणी राहत नाही.

2014 पासून मुंबई सिटी आहे. अंधेरीत खेळते, जिंकतेही. चांगलं आहे. पण त्या संघाच्या खेळाडूसोबत कारखान्यात कोणी पाळी केलेली नसते.

महिंद्राकडून खेळलेला खालिद जमील 2025 साली भारताचा प्रशिक्षक झाला. अकुर्ली रोडच्या फाटकाशेजारी त्या 2006 च्या संघाची अकरा नावं तरी लिहावीत. भिंत भरपूर लांब आहे.