चाकावरची तारीख

मुलांनो, तुमच्या घरी एखादी जुनी सायकल आहे का? आमच्याकडे आहे. आजोबांची रॅले! काळी, उंच, तीन गिअरची. "स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी घेतली बरं का," असं बाबा नेहमी सांगायचे. मीही दर पंधरा ऑगस्टला वर्गात ते रंगवून सांगत असे.

यंदा सायकलच शाळेत नेली. मागच्या चाकाच्या मधोमध जाडसा हब असतो ना, त्यावरचं काळं वंगण एका मुलीनं चिंधीनं पुसलं.

"बाई, इथं काहीतरी कोरलंय!"

नाव होतं 'स्टर्मी-आर्चर'. खाली आकडे, ५६ आणि ४. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची ही कंपनी १९०२ साली सुरू झाली. हब कधी बनला, ते वर्ष आणि महिना ती हबवरच ठोकत असे. म्हणजे एप्रिल १९५६!

माझा चेहरा पडला. इतकी वर्षं मी मुलांना चुकीचं सांगत होते की काय?

एवढ्यात मागून आवाज आला, "पण बाई, चाक नंतर बदललं असेल तर?"

शाबास! हबवरून फक्त हबचं वय कळतं. सांगाड्याचा नंबर शोधला, तर तो गंजानं खाल्लेला.

मग आम्ही सायकल चांगली आहे का, ते तपासलं. रिमला लोहचुंबक चिकटलं, म्हणजे रिम पोलादी. शर्यतीच्या चांगल्या सायकलींच्या रिमा बहुधा हलक्या ॲल्युमिनियमच्या. त्यांना चुंबक चिकटत नाही. अशा सायकलींच्या नळीवर 'रेनॉल्ड्स ५३१' अशी पट्टी दिसली, तर नळ्या हलक्या आणि मजबूत समजाव्यात. आमच्या सायकलवर तशी पट्टी नव्हती. पण नळ्यांचे सांधे बोटानं चाचपले, तर कुठे फट नाही, कुठे खडबडीत नाही. वजनाला जड, पण काम सफाईचं!

संध्याकाळी भीतभीतच बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ सायकलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला आजोबांनी सांगितलं, तेच मी तुला सांगितलं. तू मात्र जे दिसलं, तेच लिहून ठेव."

मी वहीत लिहिलं : 'मागचा हब, एप्रिल १९५६. सायकल कधीची? शोध चालू आहे.'

दुसऱ्या दिवशी तेच फळ्यावरही लिहिलं. बाईंची चूक सापडली म्हणून वर्ग कोण खूश!

तुमच्या घरच्या जुन्या वस्तूंच्याही गोष्टी असतीलच. त्या जरूर ऐका. आणि मग एक चिंधी घेऊन वस्तू नीट पुसून बघा!