देवनारच्या डोंगराशेजारी

देवनार म्हटले की आपल्या घरांत ईदच्या बकऱ्यांचा बाजार आठवतो. पण गोवंडी स्टेशनला उतरून रिक्षाने शिवाजीनगरकडे निघालो की आधी वास येतो आणि मग डोंगर दिसतो. लांबून खरीच टेकडी वाटावी. वर गवत उगवलेले, घारी फिरताहेत. 1927 पासून मुंबईचा कचरा इथे साचत आला आहे. पलीकडे ठाण्याची खाडी, अलीकडे घरे.

आमच्या खाला याच वस्तीत राहतात. दुपारीही खिडकी उघडत नाहीत. 2016 च्या जानेवारीत डोंगराला आग लागली, तेव्हा नाकाला ओले फडके बांधून दिवस काढले, असे त्या सांगतात. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. दबलेला ओला कचरा हवेविना कुजला की मिथेन तयार होतो आणि तो पेट घेतो, हे आम्ही वर्गात फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! खालांचा खोकला त्या धड्यात नव्हता. पावसात याच ढिगातून काळे पाणी पाझरते ते वेगळेच.

गल्लीतल्या भंगारवाल्याकडे एक बाई माल निवडत बसल्या होत्या. बाटल्या, पुठ्ठा, तारा, दुधाच्या पिशव्या, सगळ्यांचे ढीग वेगळे. एक ढीग मात्र कोपऱ्यात, माश्यांनी भरलेला. "हा कुणी घेत नाही. सालन लागलेली पन्नी विकत नाही," त्या म्हणाल्या. बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. गाठ मारलेल्या पिशवीत फुटलेला ग्लास निघाला होता. कधी इंजेक्शनची सुईही निघते म्हणे.

आम्ही गप्प झालो. आदल्याच आठवड्यात आमच्याकडे दावत होती. थर्माकोलच्या प्लेटा, हाडे, रायता, फुटलेला ग्लास, सारे एकाच काळ्या पिशवीत भरून वर घट्ट गाठ मारली होती. आणि शाळेत आम्हीच मुलांकडून ओला, सुका आणि घातक कचऱ्याचे तक्ते करून घेतो.

निघताना खालांनी प्लास्टिकच्या पिशवीत बिर्याणी बांधायला घेतली. आम्ही म्हटले, डबा द्या.

"डबा परत कोण आणणार?"

"पुढच्या जुम्याला आम्हीच आणू."

त्यांनी फळीवरून स्टीलचा डबा काढला, पण झाकण काही सापडेना.