अनंताची रेघ

आमच्या गच्चीवरून सिंहगडावरचा टीव्ही टॉवर दिसतो. लेन्सचं अनंत बरोबर जुळलंय का, हे मी त्या टॉवरवर तपासतो. फोकसची रिंग शेवटापर्यंत, आडव्या आठाच्या खुणेपर्यंत न्यायची. टॉवर काडीसारखा रेखीव दिसला की मोजमाप बरोबर.

पहिल्या वेळी तो दिसलाच नव्हता. सोव्हिएत काळात क्रास्नोगोर्स्कला बनलेली हेलिऑस ४४-२, ५८ मिमीची, मी निकॉनच्या एसएलआरला साध्या रिंगने जोडली होती. कुंडीतली जास्वंद अप्रतिम आली. मागची पानं भोवऱ्यासारखी फुलाभोवती फिरत होती. पण कठड्यापलीकडे सगळं धूसर. ही लेन्स फिल्मपासून ४५.४६ मिमीवर बसेल असं धरून घडवलेली आणि निकॉनचं तोंड ४६.५ मिमीवर. फरक १.०४ मिमीचा, एका सुताचा तिसरा हिस्सा. आता ५८ चा वर्ग करा आणि त्याला १.०४ ने भागा. साधारण ३,२३५ मिमी येतात. रिंग कागदासारखी पातळ धरली तरी सव्वातीन मीटरपलीकडचं काही त्या लेन्सला स्पष्ट दिसणार नव्हतं.

भोसरीतला ओळखीचा टर्नर म्हणाला, "द्या इकडे साहेब, लेथवर धरून मिलिमीटरभर उडवतो." मी दिली नाही, आणि आजही देणार नाही. ४२ मिमीच्या आट्यांची ती लेन्स कितीतरी जुन्या कॅमेऱ्यांवर जशीच्या तशी बसते. कातलेला मिलिमीटर पुन्हा चिकटवता येत नाही. चालत्या लेन्सला कानस लावायची नाही आणि जे करू ते स्क्रू काढून परत फिरवता आलं पाहिजे, एवढा नियम मी तेव्हापासून पाळतो. मध्ये काच घातलेली रिंगही मिळते. तिने अनंत मिळतं, पण लेन्सचा मूळ स्वभाव जातो. मी ती वापरत नाही.

पुढे मिररलेस कॅमेरा घेतला. आरसाच नाही, त्यामुळे सोनीचं तोंड सेन्सरपासून फक्त १८ मिमीवर. उरलेले २७.४६ मिमी भरणारी रिंग बाजारात तयार मिळते. हेलिऑसला अखेर टॉवर दिसला.

याच हेलिऑसने मला एक रात्र जागवलंही. ग्रीस वाळून फोकसची रिंग जड झाली म्हणून हेलिकॉइड, म्हणजे लेन्स पुढेमागे सरकवणारी आट्यांची नळी, उघडलं. त्याच्या आट्यांना एक तोंड नसतं, अनेक असतात. कुठल्याही तोंडातून आटे धरतात, रिंग गोडीत फिरतेही, पण अनंत एकाच तोंडावर येतं. मी खूण केली नव्हती. पहाटेपर्यंत एकेक तोंड लावून बघत बसलो. आता आटे सुटण्याची टिचकी बोटाला जाणवली की तिथेच थांबतो आणि दोन्ही कडांवर सुईने बारीक चरा ओढतो.

सध्या टेबलावर आहे वडिलांचा आग्फा क्लिक थ्री, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे. त्याचं शटर कधीच मेलं, म्हणून त्याची काच काढताना हात अडखळला नाही. ट्रंकेतल्या पावसाळ्यांनी काचेवर बुरशीचं जाळं धरलं होतं, ते पुसून निघालं. एकुलतं एक भिंग, ना आटे, ना रिंग. शाळेतल्या प्रयोगासारखं समोरच्या खिडकीचं उलटं चित्र भिंतीवर पाडून नाभीय अंतर मोजलं. साधारण ७२ मिमी आलं. त्यातले १८ कॅमेऱ्याच्या पोटातच गेले. उरलेल्या ५४ साठी एक हेलिकॉइड, एक एक्स्टेन्शन ट्यूब आणि पुढे भोसरीत कातून घेतलेली ॲल्युमिनियमची चकती. आतून काळी मखमल चिकटवली, नाहीतर नळीच्या भिंतीवरून उजेड उसळतो आणि चित्र दुधाळ होतं.

पहिला फोटो पाहून थोडा हिरमुसलो. मला कडांना विरघळणारी ती जुनी मऊ चित्रं हवी होती. पण ५६ मिमीच्या चौकोनातला मधला ३६ बाय २४ चा तुकडाच सेन्सरला मिळतो, आणि एवढ्या साध्या भिंगाचाही मध्यभाग चांगला प्रामाणिक असतो. दोन दिवसांनी तेच फोटो आवडू लागले. गडद फांदीच्या कडेला जांभळट झाक येते, ती मी काढत नाही.

आता हेलिकॉइडवर अनंताची रेघ कोरायची आहे. पेन्सिलीने अंदाजे खूण केली आहे. गेले चार दिवस सिंहगड ढगात आहे. कोरणी टेबलावर काढून ठेवली आहे, आणि सकाळी चहा घेऊन मी आधी गच्चीवर जातो.