लंडन ते आमचे घर

आपल्या वर्गातल्या कपाटावर पृथ्वीचा गोल आहे. एरवी तो फिरवून बघण्यापुरताच खाली येतो. पण गेल्या भाद्रपदात मला त्याचा फार उपयोग झाला.

माझी आत्या लंडनला नर्स आहे. आजी खूप आजारी पडली म्हणून बाबांनी तिला फोन केला. ती लगेच निघते म्हणाली. विमानाला नऊ तास लागतात, असे बाबांनी सांगितले. आजीला ते काही पटेना. "मुंबईची गाडी रात्रभर घेते, नि लंडनचं विमान नऊ तासांत कसं गो येईल?" असे ती मला सारखी विचारायची.

मग मी गुरुजींना विचारून गोल खाली घेतला. विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळला, तो 80 सेंटिमीटर भरला. पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर, म्हणजे 1 सेंटिमीटरला 500 किलोमीटर. नंतर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरला. तो 14.4 सेंटिमीटर झाला. गुणाकार केला तर 7,200 किलोमीटर! गंमत म्हणजे भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ सीरियावरून जाते, पण गोलावरचा दोरा इराण, काळा समुद्र, युक्रेन असा वरून गेला. पृथ्वी गोल असल्यामुळे तीच वाट जवळची. मात्र 2022 साली युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यापासून प्रवासी विमाने त्या देशावरून न जाता वळसा घेतात.

गुरुजींनी आणखी एक माहिती दिली. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला पहिल्यांदा गेले. ते वाटेत कैरो आणि जिनिव्हाला उतरत गेले. आता मध्ये उतरावे लागत नाही.

आजीला मी हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "किलोमीटर नको सांगू. रात्री किती, ते सांग." मग मी बोटांवर मोजले. लंडनचे घड्याळ त्या दिवसांत आपल्या साडेचार तास मागे असते (थंडीत साडेपाच). तिकडे रात्री 9 ला विमान सुटले की नऊ तासांनी तिथे सकाळचे 6 वाजतात, आणि मुंबईत साडेदहा. "एक रात्र," मी म्हटले.

पण मुंबई म्हणजे काही आपले गाव नव्हे! गणपतीचे दिवस, रेल्वेचे तिकीट मिळेना. आत्या रात्री 8 च्या एसटीत बसली. महामार्गावर गाड्यांची ही रांग! सकाळी 7 ला रत्नागिरी, तिथून गावची गाडी. घरी पोचली तेव्हा साडेनऊ वाजले होते. म्हणजे 7,200 किलोमीटरला 9 तास आणि शेवटच्या साडेतीनशेला 23 तास. तासाला पंधरा किलोमीटर पडले. एवढे तर आमचा दादा सायकलने जातो.

आत्या तशीच पाय धुऊन आत गेली. आजीने डोळे उघडले, तिचा हात धरला आणि मला म्हणाली, "दोन रात्री झाल्या गो." त्या दिवशी तिने पेज घेतली.

आता आजी काठी घेऊन अंगणात येते. आत्या महिनाभर राहून गेली. जाताना विमानाला दहा तास लागले, कारण तिकडे वर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. येताना तो पाठीशी असतो, जाताना समोरून. आजी म्हणते, तो वारा चांगला आहे.

– इयत्ता सातवी