देणे

मराठी भाषा मोठी मिस्कील आहे. ‘देणे’ हा एकच शब्द तिने दोन अगदी वेगळ्या माणसांच्या हाती ठेवला आहे. दात्याचेही देणे आणि कर्जदाराचेही देणेच! ‘मी देतो’ म्हणणाऱ्याची छाती पुढे येते. ‘माझ्याकडे देणे आहे’ म्हणणाऱ्याची मान खाली जाते. दान आणि कर्ज यांतला फरक आपल्या पूर्वजांना कळत नव्हता की काय? मला वाटते, तो त्यांना चांगलाच कळत असावा.

हा विचार सुचला तो कॅनडातल्या माझ्या मावसबहिणीच्या बोलण्यावरून. शेजारणीबरोबर ती एका रविवारी तिथल्या युनायटेड चर्चमध्ये गेली होती. प्रार्थनेआधी सांगण्यात आले की, आपण बसलो आहोत ती भूमी मुळात अमक्या आदिवासी लोकांची. मग दानाचे ताट फिरले. “जमीन दुसऱ्याची म्हणून सांगायचे आणि लगेच पैसे मागायचे, ही काय गंमत रे?” ती फोनवर म्हणाली.

त्या गमतीमागे एक जुना हिशेब आहे. एकोणिसाव्या शतकापासून विसाव्याच्या अखेरच्या दशकापर्यंत कॅनडात आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालल्या. पैसा मुख्यतः सरकारचा, कारभार निरनिराळ्या चर्चचा. सुमारे १,५०,००० मुले त्यांतून गेली. केस कापले, मायबोली तोंडातून काढली तर शिक्षा केली. या शाळांना भाविकांच्या ताटातलाही पैसा जाई, आणि टाकणारा पुण्य जोडल्याच्या समाधानाने घरी परते. याच चर्चच्या पूर्वसूरींपैकी प्रेस्बिटेरियन मंडळींनी १८७७ साली होळकरांच्या इंदुरात काम सुरू केले. तिथले ख्रिश्चन कॉलेज त्यांच्याच खटपटीचे. एकाच मंडळीच्या दानातून एकीकडे कॉलेज उभे राहिले आणि दुसरीकडे लेकरांची भाषा गेली! दात्याचे मन चांगले असले की दान चांगले होतेच, असे थोडेच आहे?

मी शाळामास्तर, म्हणून ही गोष्ट मला अधिक बोचते. माझ्या वर्गात कातकरवाडीवरून एक मुलगी येते. वर्गात तिच्या तोंडून शब्द निघत नाही. पण मधल्या सुट्टीत धाकट्या भावाशी आपल्या बोलीत बोलू लागली, की ओढ्याला पाणी यावे तशी खळाळत असते. ती बोली तिच्याकडून हिरावून घेतली तर? पाढे येतील, कविता येईल; पण आजी गोष्ट सांगू लागली की ती परक्यासारखी बसून राहील.

१९८१ साली आल्बर्टा बिली नावाच्या आदिवासी बाईंनी युनायटेड चर्चच्या श्रेष्ठींना तोंडावर सांगितले, “तुम्ही आमची क्षमा मागायला हवी.” ऑगस्ट १९८६ मध्ये सडबरी येथे चर्चचे प्रमुख रॉबर्ट स्मिथ यांनी ती मागितली. आदिवासी वडीलधाऱ्यांनी ऐकून घेतले. ‘झाले गेले विसरलो’ असे मात्र म्हटले नाही. १९८८ साली त्यांनी कळवले, की क्षमायाचनेची आम्ही दखल घेतली आहे, पण ती स्वीकारलेली नाही. आता ती जगून दाखवा. तिथे दगडांची जी रास रचली, तीही मुद्दाम अपुरी ठेवली. केवढा हा शहाणपणा! क्षमा चटकन पदरात पडली, की माणूस पुन्हा निवांत झोपतो.

पुढे चर्चने १९९४ मध्ये जखमा भरून काढण्यासाठी निधी उभारला आणि १९९८ मध्ये निवासी शाळांबद्दल वेगळी क्षमा मागितली. १९९२ साली स्टॅन मॅके हे क्री समाजातले गृहस्थ, जे स्वतः अशाच शाळेत शिकलेले, चर्चचे प्रमुख झाले. ज्यांना सुधारायचे म्हणून पैसे गोळा केले जात, त्यांच्यातलाच एक जण आता सर्वांना वाट दाखवू लागला. २०१५ साली सत्य व समेट आयोगाने ९४ सूचना दिल्या. त्यांतली ६१ वी चर्चना उद्देशून आहे: आदिवासींसाठी कायमचा निधी द्या, भाषा, संस्कृती आणि मनाच्या जखमा यांची कामे त्यांच्याच ताब्यात राहू द्या.

या शेवटच्या अटीतच सारे आले. दान करणारा विचारतो, माझ्या पैशाचे काय केलेत? पण वाण्याची उधारी फेडताना, ‘आता या पैशाचे काय करणार?’ असे आपण त्याला विचारतो का?

कुणी म्हणेल, आज ताटात नोट टाकणाऱ्या त्या शेजारणीचा यात काय दोष? तिने कुणाचे केस कापले? खरे आहे. पण बापाची शेती हवी असेल, तर सातबाऱ्यावरचा बोजाही घ्यावाच लागतो.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या गावचे दुकानदार नव्या वहीवर स्वस्तिक काढतात, हळदकुंकू वाहतात. वही कोरी करकरीत असते. पण दुसऱ्या दिवशी मागची बाकी तिच्यात ओढली जातेच. ती ओढली म्हणून कुणाची दिवाळी काळवंडत नाही. उलट बाकी लपवणाऱ्याच्या दुकानात दिवे कितीही लावा, गिऱ्हाईक पायरी चढत नाही.