छत्रीवर लिंबू-मिरची बांधून चित्र येत नाही



पूर्वी आपल्या वस्त्यांतून पत्र्यावर, माळवदावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना असे. चित्रात मुंग्या आल्या की घरातला एखादा पोरगा वर चढायचा आणि खालून "आलं... गेलं... जरा मागं फिरव" असा पुकारा चालायचा. त्या काळचा बिघाड निदान डोळ्यांना दिसत असे. मुंग्या कमी-जास्त होत, त्यावरून दिशा कळे. 2022 सालच्या मार्चअखेरपर्यंत दूरदर्शनचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक मोजके वगळता बंद झाले, काड्या भंगारात गेल्या, आणि महिन्याचे पैसे न भरता टीव्ही पाहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरांवर डीडी फ्री डिशची छत्री राहिली. या डिजिटल चित्राची तऱ्हा निराळी. ते एक तर स्वच्छ दिसते, नाहीतर चौकोन-चौकोन होऊन थिजते आणि नाहीसे होते. मधली पायरी जवळजवळ नाहीच. त्यामुळे माणूस गोंधळतो, आणि गोंधळलेल्या माणसाला काहीही विकता येते.

गेल्या नोव्हेंबरात आमच्याकडे सह्याद्री वाहिनी सकाळी दिसेनाशी झाली. दुपारी मात्र ठीक. एरवी आम्ही उभयतांनी फारसे मनावर घेतले नसते. पण सहा डिसेंबर जवळ आला होता. आमच्या आईने ऐंशी ओलांडली आहे. धडधाकट होती तोवर दरवर्षी भाकरी बांधून रेल्वेने दादरला जायची, रांगेत रात्र काढायची. आता गुडघे चालत नाहीत. 2020 साली कोरोनामुळे घरूनच अभिवादन करावे असे आवाहन झाले आणि सह्याद्रीवरून चैत्यभूमीचे थेट प्रक्षेपण झाले, तेव्हापासून ती त्या दिवशी सकाळीच पांढरे लुगडे नेसून टीव्हीसमोर बसते. तिला सकाळचेच चित्र हवे होते.

आठ दिवसांत तीन सल्ले मिळाले. बाजारातल्या दुकानदाराने बॉक्स न पाहताच "बॉक्स गेला" असे सांगून नवा घ्या, नाहीतर महिन्याचे पॅकेज घ्या, म्हणून गळ घातली. शेजारच्या मावशींनी नजर लागली म्हणून छत्रीच्या दांड्याला लिंबू-मिरची बांधून दिली. मायेपोटीच दिली, पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या वस्तीत हे अजून चालते, याचे वाईट वाटले. तिसऱ्या गृहस्थांनी वास्तुशास्त्र काढले. आग्नेय दिशा स्वयंपाकघराची, तिकडे छत्रीचे तोंड नको, असे त्यांचे म्हणणे.

उपग्रह काही वास्तुशास्त्र वाचून आभाळात बसलेला नाही. फ्री डिशचा जीसॅट-15 विषुववृत्तावर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर, सुमारे 36 हजार किलोमीटर उंच आहे. महाराष्ट्रातून पाहिले तर तो आग्नेयेलाच, क्षितिजापासून साधारण 60 अंश वर येतो. पाटलाच्या वाड्यावरची छत्री आणि बौद्धवाड्यातली छत्री एकाच दिशेला तोंड करून असते, तशीच ती ठेवावी लागते.

तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असे सांगितले, आणि कारणाशिवाय कार्य नाही हेही शिकवले. आमची मुलगी बारावीला शास्त्र शाखेत आहे. तिने वहीत तीन दिवस नोंदी केल्या. पहाटे दव पडते तेव्हा चित्र नाही. दहा-साडेदहाला ऊन तापले की चित्र येते. रात्री उशिरा पुन्हा बिघाड. नजर काय दवाची वेळ पाहून लागते?

बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, एक ताकदीची आणि एक गुणवत्तेची. लोक ताकदीची पट्टी भरली की समाधान मानतात, पण छत्री भलतीकडे वळली असली तरी ती पट्टी बहुधा बरीच भरलेली असते, कारण छत्रीसमोरचा एलएनबी चालू असला की त्याचा स्वतःचा गोंगाटही त्यात मोजला जातो. नेमका उपग्रह सापडला की नाही हे गुणवत्तेची पट्टी सांगते. छत्री सरकली असती तर गुणवत्ता दिवसभर पडलेली राहिली असती. आमच्याकडे पहाटे ताकदीचीच पट्टी खाली येई आणि दुपारी दोन्ही भरत. म्हणजे दिशा बरोबर होती. अशा वेळी छत्रीला हात लावू नये. आपल्याकडे पहिले काम छत्री फिरवण्याचे होते आणि मग एकाचे दोन बिघाड होतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमचा बॉक्स मावशींच्या केबलला लावून पाहिला. (मावशींनीच हौसेने केबल काढून दिली.) चित्र लख्ख. बॉक्स शाबूत होता, नव्याचे पैसे वाचले. उरली केबल. या एकाच केबलमधून बॉक्सकडून एलएनबीला वीज वर जाते आणि सिग्नल खाली येतो, म्हणून ओल शिरली की दोन्हींची अडचण होते. ऊन चढल्यावर बॉक्स बंद करून मुलगी वर गेली. एलएनबीजवळच्या जोडावरचे रबरी टोपण कधीच गळून पडले होते. आतली तांब्याची तार हिरवी आणि भोवतालची जाळी काळी पडलेली. पावसाळ्याचे पाणी जोडातून आत मुरले होते.

काळी जाळी संपून स्वच्छ जाळी लागेपर्यंत केबल वीतभर कापली आणि नवा कनेक्टर बसवला. जाळीचा एकही तंतू मधल्या तारेला टेकता कामा नये, नाहीतर शॉर्ट होते. वरून जलरोधक टेप घट्ट गुंडाळला. केबलला जोडाच्या खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी जोडाकडे न जाता झोळाच्या तळाशी ठिबकते. कनेक्टर आणि टेप मिळून दोन-चार चहांचा खर्च आला.

सगळेच बिघाड असे नसतात. धो-धो पावसात या लहरी पाण्याच्या थेंबांत क्षीण होतात, तेव्हा पाऊस ओसरण्याची वाट पाहावी. पावसाळ्यात वाढलेली लिंबाची फांदी आड येते, ती छाटावी. मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस दुपारच्या आधी थोडी मिनिटे चित्र जाते, कारण सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. ते आपोआप येते. छत्री मुळातच खाली पाहते आहे असे वाटते, कारण तिची ठेवण तिरकस असते. म्हणून ती वाकली असे समजून वर उचलू नये.

सहा डिसेंबरला पहाटे दव होते. सह्याद्री लागली, चैत्यभूमीचा घुमट दिसला, आईने हात जोडले. मावशीही येऊन बसल्या. दांड्यावरचे लिंबू आम्ही काढले नव्हते. ते त्यांनीच नंतर कधीतरी काढून टाकले, काही बोलल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात मुलीने गल्लीतल्या आणखी चार छत्र्या पाहिल्या. त्यांतल्या तिघांचे जोड असेच काळे निघाले. एकाची छत्री खरोखरच वाऱ्याने फिरली होती, तिला होकायंत्र धरून पुन्हा आग्नेयेला आणले. आपल्याकडेही पाहायचे असेल तर पत्रा पूर्ण वाळल्यावर, खाली कोणीतरी उभे असतानाच चढावे, आणि छत्रीजवळून विजेची तार गेली असेल तर वर न जाता आधी वायरमनला बोलवावे.